वारेपलीकडचं तेल

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनी अब्बांना विचारलं, मुलगी नोकरीत नेमकं काय करते? अब्बा सुगंधी तेलं आणि अगरबत्त्या विकणारे अत्तार. गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत माणूस, पण त्या दिवशी तेही अडखळले. "दवाखान्यात सँपलं तपासते," असं घाईघाईत म्हणाले आणि चहा आणायला सांगितला. खरं सांगितलं असतं तर पाहुणे चहा अर्धा टाकून उठले असते. मी बाळंतिणींची वार गोळा करत होते.

वार म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळ जन्मलं की थोड्या वेळानं आईच्या पोटातून एक लालजांभळा, लिबलिबीत, ताटलीएवढा गोळा बाहेर पडतो. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला असतं, दुसरं या गोळ्याला. नऊ महिने बाळाचं सगळं खाणंपिणं याच्यामार्फत चालतं, आणि काम संपलं की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमचे सर मात्र बघायचे. दवाखान्याच्या मागच्या आवारात आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. सर जाड भिंगाच्या चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ, आणि त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं: आईनं खाल्लेलं तेलतूप पोटातल्या बाळापर्यंत जातं कसं?

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही हे सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मध्ये वारेचा पातळ पडदा असतो. आईनं खाल्लेलं तेल तिच्या आतड्यात फुटतं, रक्तातून फिरत फिरत वारेपाशी येतं. तिथं पुन्हा त्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांना मेदाम्लं म्हणतात. वार ते तुकडे निवडून निवडून पलीकडे बाळाच्या रक्तात देते. त्यातली काही मेदाम्लं अशी, की माणसाच्या शरीराला ती मुळी तयारच करता येत नाहीत. करडईतून, शेंगदाण्यातून, जवसातून, मासळीतून आली तर आली. बाळाचा मेंदू आणि डोळे घडायला ती लागतात. म्हणजे बाळाला ती मिळणार आईकडून, आणि आईला मिळणार ताटातून. आज हे कुणीही सांगेल. आम्ही तेव्हा चाचपडत होतो.

माझं काम दोन तऱ्हेचं. आवारातल्या दवाखान्यातून आणि शहरातल्या लहानमोठ्या प्रसूतिगृहांतून वार, नाळेतलं रक्त आणि आईचं थोडं रक्त आणायचं, हे पहिलं. बर्फात ठेवलेलं ॲल्युमिनियमचं भांडं, त्यावर ओलं लाल फडकं, आणि ते सायकलच्या मागं बांधलेलं. चौकातल्या हवालदाराला वाटायचं मी कुल्फी विकते. एकदा हात आडवा करून त्यानं मला थांबवलं आणि मलई आहे का, पिस्ता आहे का, अशी चौकशी सुरू केली. ऊन तापलेलं, बर्फ वितळत चाललेला, आणि माझं डोकं तर कायमच तापलेलं. मी काही न बोलता फडकं बाजूला केलं. त्या दिवसानंतर तो हवालदार मला लांबून पाहिलं की सगळी वाहनं थोपवून वाट मोकळी करून द्यायचा, आणि मी जाईपर्यंत तोंड भिंतीकडं करून उभा राहायचा.

दुसरं काम प्रयोगशाळेतलं. रक्तातली चरबी वेगळी काढायची आणि काचेवर तिची फोड करायची. काचेवर एक पांढरं पीठ कालवून सारखं पसरायचं, वाळवायचं. त्या पिठात चांदीचा क्षार मिसळलेला असे, त्यामुळे एकेका मेदाम्लाची चाल वेगळी होते. काचेच्या खालच्या कडेला आईचा थेंब आणि शेजारी बाळाचा थेंब द्यायचा आणि काच द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि मेदाम्लं आपापल्या वेगानं मागंपुढं राहतात. मग फवारा मारून जांभळ्या दिव्याखाली धरलं की पिवळट ठिपके उजळतात. कुठल्या उंचीवर कुठलं, हे आम्हाला ओळखता यायचं. त्या चांदीनं माझी बोटं काळी पडलेली असायची, साबणानं घासा नाहीतर चिंचेनं. मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी अम्मीनं माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी थापली होती.

लोक वार द्यायला कुरकुर करायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं वार पुरायची रीत. हिंदू असो, मुसलमान असो, घराच्या आसपास, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागणार नाही अशा जागी. भलत्याच्या हाती गेली तर करणी होते अशी भीतीही असायची. आमच्या अम्मीनं आम्हा सगळ्या भावंडांची परसात पुरलेली आहे, त्यामुळे मी कुणाला हसले नाही. एकदा एका तालमीतला पैलवान गडी, नुकताच बाप झालेला, हुज्जत घालत आला. आमची वस्तू आमाला दाखवा, म्हणाला. मी भांडं उघडून दाखवलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघी-तिघी मिळून त्याला शुद्धीवर आणत होतो. जाताना म्हणाला, ताई, ठेवा तुमच्याकडंच.

पण या सगळ्यात मला अजून रोज आठवते ती तानाक्का.

तानाक्का शिरोळकडची. कृष्णाकाठचा ऊस, दावणीला म्हशी, गावच्या डेअरीला दूध. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज वॉर्डभर जाणारा. तिच्या मागं तिची सून सुमन उभी असायची. सुमनची दोन बाळं जन्मताच गेली होती आणि आता ती तिसऱ्यांदा गरोदर होती. पावसाळ्यात पाणी चढलं की शिरोळचे रस्ते बंद होतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला बाळंतपण होईपर्यंत इकडंच ठेवायला सांगितलं होतं. दोघी शहराला लागूनच असलेल्या कळंब्याला तानाक्काच्या भावाकडं येऊन राहिल्या होत्या आणि तपासणीला दवाखान्यात यायच्या.

वारेचं आधीच विचारून ठेवायची माझी रीत होती. तानाक्कानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आमच्या घरातली वार बाहेर जात नाही, न्हाणीच्या कडेला पुरतो आम्ही, म्हणाली. लहानसा तुकडा घेते आणि बाकीची परत देते, म्हटलं तर म्हणे तुकडाही नाही. असं ऐकायची मला सवय होती. मी निघालेच होते, तेवढ्यात सुमननं पदर सावरायला हात वर केला आणि तिच्या बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या. मी तिथंच थांबले आणि पोरीला विचारलं, जेवतेस काय तू?

उत्तर सासूनं दिलं. कोरडी भाकरी, पाण्यातली भाजी, ताकसुद्धा नाही. तेल नाही, तूप नाही, शेंगा नाहीत, दूध नाही. हे तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत कारणही सांगितलं.

"पयल्या खेपंला मी हिला लोनी चारलं, बाई. शेंगाचं कूट, तूप, समदं. लेकरू झालं ते अंगभर पांढरा थर घिऊन. नाकात, काखंत, मानंला, लोण्यागत. जरा हाललं आन गेलं. मीच चारल्यालं त्येला जाऊन चिकाटलं की."

म्हणून दुसऱ्या खेपेला तिनं सुनेचं तेलतूप बंद केलं. ते बाळ इवलंसं जन्मलं आणि तेही गेलं. तानाक्कानं त्यातून काय धडा घेतला? सुमननं चोरून काहीतरी खाल्लं असणार! तेव्हा आता तिसऱ्या खेपेला पहारा आणखी कडक. सुमन जमिनीकडं बघत उभी होती.

हे एकट्या तानाक्काचं वेड नव्हतं, हे सांगायला हवं. बाळाच्या अंगावरचा तो पांढरा चिकट थर म्हणजे आईनं खाल्लेलं दूध, दही, तूप, असं वॉर्डातल्या निम्म्या सासवा मानायच्या. आमच्या फुफूनंही, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, माझ्या भावजयीचं दही बंद केलं होतं. तो थर बाळाची कातडी स्वतःच तयार करते, नऊ महिने पाण्यात राहायचं म्हणून. कुणाच्या अंगावर जास्त असतो, कुणाच्या कमी. मी तानाक्काला हे सांगितलं, आधी नीट आणि मग आवाज चढवून. तिचा आवाज माझ्यापेक्षा चढा. शेवटी तिनं मला विचारलं, तुम्हाला पोरं किती? माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. आजूबाजूच्या बायका हसल्या, आणि मी चिडून म्हणाले, चला माझ्याबरोबर, दाखवतेच.

सर बाहेर गेले होते ते बरं झालं. मी सासूसुनेला प्रयोगशाळेत नेलं आणि त्या सकाळी आलेली एक वार धुऊन पसरट भांड्यात ठेवली. तानाक्कानं आयुष्यात कितीतरी जणींची वार पुरली होती, पण अशी उलगडून कधी बघितली नव्हती. बाळाकडची बाजू गुळगुळीत, नाळेपासून शिरा पसरत गेलेल्या. आईकडची बाजू खडबडीत. तिनं अगदी जवळ जाऊन पाहिलं. मी ऐटीत सांगितलं, आईकडचं तेल इकडून तिकडं जातं. तर ती म्हणाली, घाला मग तेल, बघूया.

आता आली का पंचाईत! पण माघार कोण घेणार? मी करडईचं तेल आणून आईकडच्या बाजूवर ओतलं, वार काठीवर टांगली आणि खाली कोरी काच ठेवली. आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो. काच कोरीच राहिली. थेंबसुद्धा उतरला नाही. उतरणारच नव्हता. तेल तेलाच्या रूपात वारेतून जात नाही, आणि ते फोडून पलीकडे देण्याचं काम जिवंत वार करते, टांगलेली नव्हे. हे मला ठाऊक होतं, पण रागात कोण विचार करतो.

"जातंय कुठं?" तानाक्का म्हणाली. "मग खाऊन तरी काय उपेग, आन न्हाय खाल्लं तर काय तोटा?"

एका अर्थानं मीच तिला सुनेला उपाशी ठेवायला आणखी एक कारण दिलं होतं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, थेंबसुद्धा जात नाही म्हणता, तर मग तुमच्या नातवाच्या अंगाला लोणी चिकटलं कुठून?"

दोघी एकमेकींना अडवून बसलो होतो आणि पुढं कसं जायचं ते कुणालाच कळेना. तेव्हा मागून सुमन सासूशी बोलली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता.

"आत्या, म्हशीला आपण सरकी घालतोय न्हवं? सरकी घातली की डेरीत फॅट चांगलं लागतंय. दुधात कवा सरकी घावली का?"

तानाक्का तिच्याकडं बघत राहिली. त्या घरात डेअरीतल्या फॅटचा मान मोठा होता. गावात सगळ्यात चांगलं फॅट कुणाच्या म्हशीला लागतं, हे तिनं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. म्हैस सरकी खाते, ती तिच्या अंगात मोडते, आणि निघतं ते दूध. सरकी बंद केली तर दूध पाणचट होतं. हे तिला मी शिकवायची गरज नव्हती. मी फक्त म्हणाले, अगदी तसंच, आक्का. वार तेल मोडून देते. पण मोडायला आधी असायला पाहिजे ना?

तानाक्का स्टुलावर बसली. मग तिनं मला विचारलं, "म्हंजी दुसरं लेकरू मी उपाशी मारलं व्हय, बाई?"

मी तोंडाळ बाई. पण तिच्याशी खोटं बोलवेना. मी तिला सांगितलं की बाळं शंभर कारणांनी जातात, डॉक्टरांनाही प्रत्येक वेळी कळत नाही, आणि तुम्ही जे केलं ते सुनेवरच्या मायेनं केलं. सुमननं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. एवढं मात्र नक्की, की ही खेप अजून आपल्या हातात आहे, असंही मी म्हणाले.

त्यानंतर तानाक्कानं जे आरंभलं त्याला तोड नाही. भाजीवर तेलाचा तवंग, भाकरीवर लोणी, शेंगाची चटणी, जवसाची चटणी, भावाच्या दारातल्या म्हशीचं धारोष्ण दूध. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं की आजी, जरा दमानं, पोरीला पचू द्या. दर वेळी तानाक्का आधी माझ्या प्रयोगशाळेच्या दाराशी यायची आणि सुनेनं काय काय खाल्लं ते सांगायची. "औंदा फॅट चांगलं लागंल बगा," म्हणायची. सर चष्म्यावरून बघायचे. अत्तारबाई, वारेबरोबर तुमच्या डोक्यासाठीही थोडा बर्फ आणत जा, असं एरवी म्हणणारे सर आता मला विचारू लागले की त्या माउलीला तुम्ही नेमकं कबूल काय केलंय? मी काहीच कबूल केलं नव्हतं. पण एकदा तानाक्कानं माझं मनगट घट्ट धरलं आणि सांगितलं की हेही लेकरू गेलं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. ती धमकी नव्हती. तिला बसायला दुसरी जागाच उरली नसती. त्या महिन्यांत माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

एका दुपारी सुमनला कळा सुरू झाल्या. मी भांडं घेऊन खोलीबाहेर उभी होते आणि शेजारी तानाक्का भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली होती. दार उघडलं आणि सिस्टर बाळाला फडक्यात घेऊन बाहेर आली. मुलगी होती, आणि तिच्या अंगावर तोच पांढरा थर होता. मानेला, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत, चांगला जाड. तानाक्कानं तो पाहिला आणि तिचा चेहरा पार उतरला. मलाही क्षणभर वाटलं, या बाळानं निदान आज तरी बिनथराचं यायचं होतं.

तानाक्का उठली. तिनं एक बोट बाळाच्या नाकापाशी धरलं. श्वास लागत होता. तिनं बोट काढलं नाही. बाळानं तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की सिस्टर म्हणाली, आजी, तुमच्यावरच गेली. तरीही ते बोट तिथंच.

वार मागायचं माझं धाडस होईना. रिकामं भांडं घेऊन मी परत निघाले, तर तानाक्कानंच हाक मारली. "न्या, बाई. कायबी करा, पर काय निगालं ते मला दावा." माझा तुकडा, नाळेतलं रक्त आणि सुमनच्या हातातलं थोडं रक्त मी घेतलं. उरलेली वार तिनं मीठहळद लावून स्वच्छ फडक्यात बांधली आणि सुमनला बघायला आलेल्या आपल्या मुलाच्या हाती शिरोळला पाठवली. नीट खोल पुर, असं त्याला बजावलंही.

त्या सगळ्या कामाचं पुढं काय झालं, असं विचाराल तर फारसं काही नाही. काही वर्षांनी सर निवृत्त झाले, प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांत सामान भरलं गेलं, आणि मला रक्तलघवी तपासायच्या टेबलावर बसवलं. पुढं मोठमोठी यंत्रं आली आणि आम्ही महिनोन्महिने जे चाचपडत होतो ते ती सहज सांगू लागली. सरांचं नाव कुठं आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कुणी काही विचारलं तर मी मात्र एकाच काचेची गोष्ट सांगते.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी ती काच तयार झाली. मी तानाक्काला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि जांभळा दिवा लावला. डावीकडं सुमनच्या रक्ताची ओळ, उजवीकडं बाळाची. पिवळे ठिपके उजळले. आईच्या ओळीत एक ठिपका होता आणि बाळाच्या ओळीत बरोबर त्याच उंचीवर तसाच दुसरा, जरा फिकट.

"ह्यो कशाचा?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की हे मेदाम्ल माणसाचं शरीर बनवू शकत नाही, आईचंही नाही आणि बाळाचंही नाही. ते खाण्यातूनच येतं, करडईतून, शेंगांतून. बाळाच्या रक्तात ते आहे, म्हणजे आईनं खाल्लं आणि वारेनं पलीकडं दिलं.

तिनं काचेवर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. बाळाच्या ठिपक्यापाशी बराच वेळ धरलं. मग एकदम वळून बाहेर पडली. मी दिवा बंद करून तिच्या मागं गेले. आवार ओलांडून वॉर्डात पोचले तेव्हा ती सुमनच्या खाटेवर पायापाशी बसली होती. सुमन बाळाला पाजत होती. दोन खेपांत जे भोगलं ते सगळं तानाक्काच्या डोळ्यांतून वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"सुमे," ती म्हणाली, "तू खाल्ल्यालं पोचलंय गं लेकराला. मी सोता बगून आलो."